ऑटोगायडर: विषुवांशाचा आलेख करवतीसारखा, आणि काही रात्री तारा थेट पळून जातो

फणसाखालचा (जांबोटी, ता. खानापूर)

नमस्कार मंडळी.

दिवाळीनंतर आकाश मोकळे झाल्यापासून मी ऑटोगायडर, म्हणजे छायाचित्र चालू असताना एका ताऱ्यावर नजर ठेवून दुर्बिणीची दिशा आपोआप दुरुस्त करणारी जोडणी, चालवण्याचा प्रयत्न करीत आहे. आता माझी मती खुंटली आहे, म्हणून सर्व तपशील येथे मांडतो. दुर्बीण सहा इंची न्यूटोनियन असून तिचे नाभीय अंतर ७५० मिलीमीटर आहे. माउंट (दुर्बीण पेलून फिरवणारा आधार) ईक्यू-५ प्रकारचे, दोन्ही अक्षांवर मोटर असलेले आणि हँडसेटवरून ताऱ्याकडे आपोआप वळणारे आहे. शोधक दुर्बिणीच्या खाचेत ५० मिलीमीटर व्यासाची व २०० मिलीमीटर नाभीय अंतराची गाईड दुर्बीण बसवली असून तिच्या मागे ३.७५ मायक्रॉन पिक्सेलचा कृष्णधवल कॅमेरा आहे. छायाचित्रे एका जुन्या डीएसएलआरने घेतो, ज्याचा पिक्सेल ४.३ मायक्रॉनचा आहे. लॅपटॉपवर पीएचडी२ हा गाईडिंगचा प्रोग्रॅम आहे आणि गाईड कॅमेऱ्यातून निघालेली केबल माउंटच्या एसटी-४ खोबणीत जाते. लॅपटॉप आणि माउंट यांचा याव्यतिरिक्त एकमेकांशी काही संबंध नाही.

जागा म्हणजे घरामागचे अंगण. पूर्वेला गोठ्याचे छप्पर आणि त्यामागे माडांची रांग असल्यामुळे मृग नक्षत्र रात्री नऊच्या सुमारास मोकळे होते. उत्तरेला मोठा फणस आहे आणि ध्रुवतारा बरोबर त्याच्या पानांत अडकलेला असतो. मृगातील तेजोमेघाची वाट पाहताना वेळ वाया जाऊ नये म्हणून मी फणसाच्या शेंड्यावर दिसणाऱ्या शर्मिष्ठेच्या पूर्वेकडील टोकाच्या ताऱ्याजवळ कॅलिब्रेशन (माउंटला दिलेल्या हुकमाने तारा कॅमेऱ्यात कोणत्या दिशेने व किती सरकतो याची मोजणी) उरकून घेतो. ध्रुवाजवळचे तारे सावकाश सरकतात, तेव्हा तेथे कॅलिब्रेशन अधिक स्वच्छ होईल असाही माझा हिशेब होता. नंतर दुर्बीण मृगाकडे वळवून तेच कॅलिब्रेशन वापरतो.

गेल्या अमावास्येच्या आसपास सलग दोन रात्री काम केले. पहिल्या रात्री साडेसातला कॅलिब्रेशन केले. एका सेकंदाची पल्स (मोटरला दिलेला छोटा धक्का) ठेवली होती. पश्चिमेकडे २९ पावले लागली आणि उत्तरेकडे १३. मृगावर गेल्यावर आलेखातली विषुवांशाची (पूर्व-पश्चिम चुकीची) रेषा करवतीच्या दात्यांसारखी वर-खाली होत राहिली आणि क्रांतीची (उत्तर-दक्षिण चुकीची) रेषा मात्र बऱ्यापैकी शांत होती. दुसऱ्या रात्री पाहुणे आल्यामुळे उशीर झाला आणि कॅलिब्रेशन नऊ वाजता केले. आकडे जवळजवळ तेच आले, पण मृगावर गाईडिंग सुरू करताच विषुवांशाची रेषा सरळ वर निघून गेली आणि मिनिटभरात तारा चौकटीतून बाहेर पडला. चार वेळा प्रयत्न केला, चारही वेळा तेच झाले. एकाच जागी, त्याच साहित्याने दोन रात्री दोन वेगळे आजार कसे होऊ शकतात? माउंटचे दाते खराब झाले आहेत का? खानापुरात किंवा बेळगावात दुरुस्ती करणारा कोणी माझ्या माहितीत नाही, म्हणून उघडण्याआधी विचारतो आहे.

तंबाखूच्या गावचा (निपाणी)

माउंट उघडू नका. तुमच्या दाते-चाकांत दोष असेलही, पण तुम्ही सांगितलेल्या लक्षणांचे कारण ते नाही. ते तुम्हीच दिलेल्या २९ आणि १३ या दोन आकड्यांत आहे.

तुमच्या गाईड कॅमेऱ्याचा एक पिक्सेल आकाशाचा किती भाग व्यापतो ते आधी काढू. २०६.२६५ गुणिले ३.७५ भागिले २०० म्हणजे सुमारे ३.८७ विकला (एक विकला म्हणजे अंशाचा ३६००वा भाग). पीएचडी२ साधारण २५ पिक्सेल, म्हणजे ९७ विकला तारा सरकेपर्यंत पावले टाकत राहते. गाईडिंगचा वेग आकाशाच्या वेगाच्या निम्मा असेल, तर एका सेकंदाच्या पल्सने माउंट साडेसात विकला सरकते, आणि ९७ विकलांना १३ पावले लागतात. उत्तरेकडे तुम्हाला तेवढीच लागली, म्हणजे क्रांतीचा अक्ष हिशेबाप्रमाणे चालतो आहे. पश्चिमेकडे २९ लागली, कारण तुम्ही जवळपास ६४ अंश क्रांतीवर, म्हणजे खगोलीय विषुववृत्ताच्या तेवढे उत्तरेला होतात. तेथे विषुवांशाचा अक्ष तेवढाच फिरला तरी तारा कॅमेऱ्यात कमी सरकतो, आणि ते प्रमाण क्रांतीच्या कोज्येइतके (कोसाइनइतके) असते. ६४ अंशांची कोज्या ०.४४ आहे, आणि १३ ला ०.४४ ने भागून पाहिले की २९ येतात.

आता तुम्ही मृगातील तेजोमेघाकडे गेलात. त्याची क्रांती उणे साडेपाच अंशांच्या आतच आहे, म्हणजे तो खगोलीय विषुववृत्ताला जवळजवळ चिकटून आहे आणि तेथे एका पल्सने तारा पूर्ण साडेसात विकला सरकतो. प्रोग्रॅमला मात्र हे ठाऊक नाही, कारण एसटी-४ केबलमधून केवळ चार दिशांचे हुकूम जातात. दुर्बीण कोठे वळली आहे ही बातमी उलट दिशेने येत नाही. त्यामुळे प्रोग्रॅम शर्मिष्ठेजवळचाच हिशेब धरून सव्वादोनपट लांब पल्स पाठवतो. ॲग्रेसिव्हनेस (दिसलेल्या चुकीचा किती भाग एका वेळी दुरुस्त करायचा ते प्रमाण) ७० टक्के असला, तरी १ विकलेची चूक झाल्यावर दुरुस्ती १.५८ विकलांची होते, म्हणजे तारा दुसऱ्या बाजूला ०.५८ विकला जातो. मग तेथून पुन्हा उलट. त्यात हवेच्या थरथरीची भर पडली की तुम्हाला दिसली ती करवत तयार होते.

कॅलिब्रेशन खगोलीय विषुववृत्ताजवळ, क्रांती अधिक-उणे २० अंशांच्या आत, आणि मध्यमंडलाच्या (डोक्यावरून जाणाऱ्या उत्तर-दक्षिण रेषेच्या) शक्य तितके जवळ करावे. ध्रुवाजवळचा तारा सावकाश सरकतो म्हणून तो सोपा, हा समज अनेकांचा असतो आणि माझाही होता. मूळ पीएचडी हा प्रोग्रॅम क्रेग स्टार्क यांनी लिहिला आणि त्याच्या नावाचा विस्तार ‘पुश हिअर डमी’, म्हणजे ‘मठ्ठ माणसा, येथे दाब’ असा आहे. पण कोणत्या ताऱ्यावर असताना दाबायचे हे त्या नावात सांगितलेले नाही.

दुसऱ्या रात्रीची पळापळ मात्र या हिशेबात बसत नाही. सव्वादोनपट दुरुस्तीने आलेख बिघडेल, तारा हरवणार नाही. त्याचे उत्तर माझ्याजवळ नाही.

जुना रिळवाला (शहापूर, बेळगाव)

निपाणीकरांनी पहिल्या रात्रीचे निदान अचूक केले आहे. दुसऱ्या रात्रीसाठी लॅपटॉप बाजूला ठेवून आकाशाकडे पाहावे लागेल. साडेसातला शर्मिष्ठेचे पूर्वेकडील टोक अजून मध्यमंडलाच्या पूर्वेला होते. नऊ वाजेपर्यंत अख्खी शर्मिष्ठा मध्यमंडल ओलांडून पश्चिमेला गेलेली होती. मृग दोन्ही रात्री पूर्वेलाच होता. म्हणजे पहिल्या रात्री कॅलिब्रेशन आणि छायाचित्रण ही दोन्ही कामे माउंटच्या एकाच बाजूने झाली. दुसऱ्या रात्री मात्र शर्मिष्ठेकडून मृगाकडे जाताना माउंटने कोलांटी घेतली आणि नळी एका बाजूची दुसऱ्या बाजूला गेली. आपण हँडसेटवर नाव निवडतो आणि माउंट घरघरत वळते, त्या अंधारात ती कोलांटी आपल्या लक्षातही येत नाही.

कोलांटीनंतर कॅमेरा आकाशाच्या मानाने १८० अंशांनी उलटा होतो. पश्चिमेकडची पल्स ज्या ताऱ्याला आधी चौकटीत डावीकडे नेत होती, त्याच ताऱ्याला ती आता उजवीकडे नेते. प्रोग्रॅम चूक पाहतो, दुरुस्ती पाठवतो, दुरुस्तीने चूक वाढते, म्हणून तो आणखी मोठी दुरुस्ती पाठवतो. शेवटी तारा चौकटीबाहेर जाणारच. क्रांतीच्या बाबतीत नळी आणि कॅमेरा दोन्ही उलटे झाल्याने तुमच्यासारख्या जोडणीत दोन उलट मिळून सुलट होते, म्हणून ती रेषा बिघडली नाही. कोलांटीनंतर कॅलिब्रेशन उलटवण्याची सोय पीएचडी२ च्या साधनांच्या यादीत आहे; पण त्याहून चांगले म्हणजे मृग छपरावर येईपर्यंत थांबावे आणि तेथेच जवळ कॅलिब्रेशन करावे. ईक्यूमॉडची यूएसबी केबल घेऊन माउंट ॲसकॉम या जोडणी-प्रणालीमार्फत लॅपटॉपला जोडलेत, तर क्रांती आणि बाजू या दोन्ही गोष्टी प्रोग्रॅम स्वतः जाणून घेईल आणि ही काळजीच उरणार नाही.

आता तुम्ही न विचारलेली गोष्ट. ध्रुवतारा फणसात आहे, तर ध्रुवीय जुळवणी, म्हणजे माउंटचा अक्ष ध्रुवाकडे रोखणे, तुम्ही कशी करता? आपल्या सीमाभागाचा अक्षांश साधारण साडेपंधरा ते साडेसोळा अंश, म्हणून ध्रुव क्षितिजापासून तेवढ्याच उंचीवर असतो. जांबोटीहून पाहता तो भाग बेळगावच्या दिव्यांच्या उजाळ्यात येतो, आणि निपाणी-चिकोडीकडे उसाचा पाला पेटवण्याच्या दिवसांत क्षितिजावर धुराचा पट्टा असतो. त्या उंचीवर वातावरणीय वक्रीभवनामुळे ध्रुवतारा सुमारे ३ कला (एक कला म्हणजे अंशाचा साठावा भाग) वर उचलल्यासारखा दिसतो, आणि तो खऱ्या ध्रुवापासून मुळातच सुमारे ४० कला दूर आहे. जुळवणीत १ कलेची चूक असेल तर क्रांतीत मिनिटाला जास्तीत जास्त पाव विकलेच्या आसपास घसरण होते. कंपास आणि मोबाइलवर विसंबून केलेल्या जुळवणीत २० कलांची चूक सहज राहते, म्हणजे मिनिटाला पाच विकला. ऑटोगायडर ती ओढून धरतो, पण गाईड ताऱ्याभोवती चित्र फिरू लागते आणि कोपऱ्यांतले तारे लांबतात.

ध्रुवतारा न दिसताही जुळवणी होते. मध्यमंडलाजवळचा, विषुववृत्तालगतचा तारा घ्यावा, क्रांतीची दुरुस्ती बंद करावी आणि पाच मिनिटे पाहावे. तारा दक्षिणेकडे घसरला तर अक्ष पूर्वेकडे झुकलेला आहे, उत्तरेकडे घसरला तर पश्चिमेकडे. मग पूर्वेचा तारा घ्यावा: दक्षिणेकडे घसरला तर अक्ष खाली आहे, उत्तरेकडे घसरला तर वर. पीएचडी२ मध्ये यासाठी वेगळे साधन आहेच. आणखी एक सूचना. इतक्या कमी अक्षांशावर काउंटरवेटचा दांडा उत्तरेकडच्या पायाला टेकायला येतो. ट्रायपॉडवरची दिशा ठरवणारी खुंटी हलवता येत असेल, तर दोन पायांमधली फट उत्तरेला ठेवावी. दांडा पायाला हलकेच घासत असेल तर आलेखात अशी चित्रे उमटतात की माणूस आठवडाभर सेटिंग बदलत बसतो.

रिळाच्या काळात आम्ही उजळलेल्या तारजाळीच्या भिंगात एकच तारा चाळीस-चाळीस मिनिटे हाताने धरून बसत असू. डोळा मिटला की छायाचित्र वाया जात असे, आणि रिळाची संवेदनशीलता दीर्घ उघडझापीत कमी होत असल्याने मिनिटे कापण्याची सोय नव्हती. त्या बसण्याचा एक फायदा होता: तारा कोणत्या बाजूला आणि का निसटतो हे बोटांना कळत असे. म्हणून माझा आग्रह असतो की पहिल्या रात्री ऑटोगायडरची दुरुस्ती बंद ठेवावी आणि दहा मिनिटे नुसता आलेख पाहावा. तुमच्या माउंटच्या विषुवांश चाकाला १४४ दाते असतील, तर वर्मचा (ते चाक फिरवणाऱ्या मळसूत्राचा) एक फेरा ५९८ सेकंदांचा असतो. त्या काळात एक सावकाश लाट दिसेल. ती स्वाभाविक आहे आणि गाईडिंगने सहज सपाट होते.

फणसाखालचा

काका, तुमचे आणि निपाणीकर दादांचे मनापासून आभार. कालचा अख्खा दिवस मी हे उत्तर पुन्हा पुन्हा वाचत होतो. रात्री मृग छपरावर आल्यावर तेथेच कॅलिब्रेशन केले: पश्चिमेकडे १३ पावले, उत्तरेकडे १४. करवत नाहीशी झाली. घसरणीची पद्धत वापरून जुळवणी केली. त्यात दोन तास गेले, पण अक्ष चांगलाच पूर्वेकडे झुकलेला होता हे कळले. काउंटरवेट पायाला लागत नव्हते, पण बोटभर अंतर होते. एकूण चूक आता ०.९ विकला दाखवते.

आणि तरीही तीन मिनिटांच्या चित्रात तारे लांबट आहेत! साधारण पाच पिक्सेल. माझ्या डीएसएलआरचा एक पिक्सेल १.१८ विकलांचा येतो, म्हणजे ही चूक सहा विकलांच्या आसपास झाली. आलेख ०.९ म्हणतो आणि चित्र ६ म्हणते. यातले खोटे कोण बोलते आहे?

कडोलीकर

दोघेही खरेच बोलत आहेत. फरक एवढाच की आलेख गाईड दुर्बिणीचा आहे आणि चित्र मुख्य दुर्बिणीचे. या दोन नळ्या एकमेकींच्या मानाने वाकत असतील, तर ऑटोगायडर आपला तारा खिळल्यासारखा धरेल आणि मुख्य चित्र सावकाश सरकत राहील. शोधक दुर्बिणीची खाच मुळात शोधकासाठी बनवलेली असते. बहुतेक वेळा तिच्या कडीत एका टोकाला रबरी वळे आणि दुसऱ्या टोकाला दोन स्क्रू व एक स्प्रिंग असते. त्या स्प्रिंगवर कॅमेरा टांगून आपण विकलांची भाषा करतो हे थोडे धाडसाचे आहे.

आधी एक पडताळणी करा. चित्राच्या चारही कोपऱ्यांत आणि मध्यभागी तारे सारख्याच दिशेने आणि सारखेच लांबले असतील, तर हे वाकणे आहे. कोपऱ्यागणिक दिशा बदलत असेल, तर रिळवाल्या काकांनी सांगितलेले फिरणे आहे. नंतर गाईडिंग चालू ठेवून एकेका मिनिटाची चाळीस चित्रे घ्या आणि पहिल्या व शेवटच्या चित्रात एकच तारा किती पिक्सेल सरकला ते मोजा. विषुवांशाची दिशा चित्रात ओळखायची असेल, तर एक मिनिटाचे चित्र सुरू करून वीस सेकंद काहीही करू नका आणि मग हँडसेटवरचे पूर्वेचे बटन मंद वेगाने दाबून ठेवा. ठिपक्याला शेपूट फुटते आणि ते शेपूट म्हणजे विषुवांशाची दिशा.

माझे स्वतःचे मत विचाराल तर एवढ्या माउंटवर तीस-तीस सेकंदांची, गाईडिंग नसलेली चित्रे घेऊन ती एकत्र करावीत. माझ्याकडे दहातली सहा-सात चांगली निघतात आणि रात्री शांत झोप लागते.

तंबाखूच्या गावचा (निपाणी)

तेजस्वी तेजोमेघासाठी कडोलीकरांचे म्हणणे मान्य आहे. मृगाचा गाभा तर तीस सेकंदांतही जळून जातो. परंतु अंधुक दीर्घिकांसाठी लहान चित्रांत कॅमेऱ्याचा स्वतःचा गोंधळच (नॉइज) वरचढ ठरतो, आणि दहातली तीन-चार चित्रे फेकणे म्हणजे मोकळ्या आकाशाचा तिसरा हिस्सा फेकणे. आमच्याकडे गळीत हंगाम आणि धुके यांच्यामध्ये ज्या मोजक्या रात्री मिळतात, त्यांचा हा हिशेब मला परवडत नाही.

वाकणे सिद्ध झाले तर ऑफ-ॲक्सिस गाईडर हा निर्णायक उपाय आहे, कारण त्यात मुख्य नळीतलाच थोडा प्रकाश छोट्या प्रिझमने गाईड कॅमेऱ्याकडे वळवतात आणि दुसरी नळीच उरत नाही. पण न्यूटोनियनवर त्यासाठी फोकसरची जागा पुरत नाही असे बरेचदा होते, तेव्हा आधी स्वस्त उपाय करून पाहावेत.

फणसाखालचा

चार रात्री ढग होते, म्हणून उशीर झाला. तारे चारही कोपऱ्यांत एकाच दिशेने लांबलेले निघाले. चाळीस मिनिटांत तारा ६२ पिक्सेल सरकला, म्हणजे मिनिटाला दीड पिक्सेलपेक्षा किंचित अधिक, आणि तीन मिनिटांना पाचच्या जवळपास. कडोलीकरांचा हिशेब तंतोतंत जुळला. शेपटीची युक्तीही केली. सरकणे विषुवांशाच्या रेषेत नव्हते, तिच्याशी तिरपे होते, त्यामुळे माउंटवरचा माझा उरलासुरला संशयही गेला.

दुसऱ्या दिवशी गाईड दुर्बीण खाचेतून काढली. बेळगावातील एका लेथवाल्याकडून ॲल्युमिनियमच्या दोन कड्या करून घेतल्या, प्रत्येकीला तीन स्क्रू, आणि त्या मुख्य नळीच्या कड्यांना जोडणाऱ्या पट्टीवर बोल्टने बसवल्या. डीएसएलआरची आणि गाईड कॅमेऱ्याची केबल लोंबत होती, ती नळीला बांधून टाकली. काल तीच पडताळणी पुन्हा केली तेव्हा चाळीस मिनिटांत तारा ८ पिक्सेल सरकला. तीन मिनिटांच्या चित्रात तारे गोल आहेत. पाच मिनिटांच्या चित्रात थोडी शंका येते.

एक शेवटचा प्रश्न. मृग साडेअकराच्या सुमारास मध्यमंडल ओलांडतो. तेव्हा कोलांटी घेऊन लगेच कॅलिब्रेशन उलटवू, की नव्याने करू?

जुना रिळवाला (शहापूर, बेळगाव)

एसटी-४ वर आहात तोवर कोलांटीनंतर नव्याने करा. मृग तेव्हा विषुववृत्तालगत आणि मध्यमंडलालगत असतो, कॅलिब्रेशनसाठी त्याहून चांगली जागा नाही. दोन-तीन मिनिटांचे काम आहे. सुरू करण्यापूर्वी क्रांतीची मोटर उत्तरेकडे थोडी चालवून दात्यांमधला ढिलेपणा काढून घ्या, नाहीतर उत्तरेची पहिली काही पावले वाया जातील. पाच मिनिटांच्या चित्राची जी शंका आहे, ती मुख्य आरशाची असू शकते: कोलांटीआधी आणि नंतर सरकण्याची दिशा चित्रात बदलते का पाहा, आणि आरशामागचे कुलूप-स्क्रू तपासा. ते फार आवळू नका, आरसा ताणला की तारे त्रिकोणी दिसतात.